बोटीचे नाक पाण्यात उड्या मारते आणि रस्त्यावर ट्रेलर डोलतो, तर आधी काय तपासावे?

आपण 15 फुटी जुनी फायबरची मासेमारीची बोट, 25 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकणारे) इंजिन आणि ट्रेलर असे सगळे एकत्र विकत घेतले. आता पाण्यात वेग घेतला की बोटीचे नाक एकसारखे वर-खाली आपटते आणि रस्त्यावर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. इंजिन बदलावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की इंजिनाला अजून हात लावू नका. या दोन्ही तक्रारी बहुधा वजन चुकीच्या जागी पडल्यामुळे आहेत, आणि त्यांचा शोध ट्रेलरपासून सुरू करावा. जुनी बोट पाण्यात काही तास असते, ट्रेलरवर मात्र महिनोन्महिने उभी असते, त्यामुळे तिचा तळ ज्यावर टेकलेला असतो त्याचाच आकार हळूहळू घेऊ लागतो.

डोलणे आधी थांबवले पाहिजे, कारण ते जिवावर बेतू शकते. ट्रेलर सपाट जमिनीवर, गाडीला जोडलेला असताना असतो तितकाच आडवा ठेवा, चाकांना अटकाव लावा आणि कपलरखाली (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या तोंडाखाली) लाकडी ठोकळा व त्याखाली माणसांचे वजन करण्याचा काटा ठेवून पुढच्या टोकाचा भार मोजा. इंधन, बॅटरी, नांगर असे सगळे सामान जागेवर असतानाच हे मोजायचे. बोट आणि ट्रेलर मिळून 500 किलो असतील, तर पुढे साधारण 35 ते 50 किलो, म्हणजे एकूण वजनाच्या 7 ते 10 टक्के भार यायला हवा. तो कमी असला की ट्रेलर डोलतो.

येथे बहुतेक लोक विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब सरकवून बोटच पुढे-मागे करतात. भार बदलतो खरा, पण बोट मागे सरकली की मागची फळी, जिच्यावर इंजिनाचे सगळे वजन लटकलेले असते, ती टेकूच्या फळ्यांच्या (ट्रेलरवर बोटीचा तळ ज्यांवर टेकतो त्यांच्या) टोकापलीकडे अधांतरी राहते. काही हंगामांत तळाचा मागचा भाग खाली झुकतो आणि मग बोट पाण्यात नाक खुपसून चालू लागते. म्हणून टेकूच्या फळ्या मागच्या फळीच्या बरोबर खालीच संपतील अशा रीतीने बोट ठेवावी, आणि भार कमी पडत असेल तर यू-बोल्ट सैल करून ॲक्सलच थोडा मागे घ्यावा. काम कष्टाचे आहे, दोन्ही बाजूंची मापे काटेकोर सारखी ठेवावी लागतात, पण माझ्या मते खरा उपाय हाच आहे.

आता नाकाकडे वळू. दीड मीटर लांबीची सरळ पट्टी तळाला मागच्या फळीपासून पुढे लावून पाहा. पट्टी मधल्या भागावर टेकून दोन्ही टोकांना फट दिसत असेल, तर तळ फुगलेला आहे, आणि नाक आपटण्याचे ते एक मुख्य कारण असते. तळ सरळ असेल तर उपाय सोपा आहे. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये जी खीळ असते ती एक भोक आत, म्हणजे मागच्या फळीकडे सरकवा, म्हणजे पंख्याचा जोर नाक खाली दाबील. बॅटरी आणि इंधनाची टाकी अगदी मागे असतील तर त्यांतले निदान एक पुढे न्या, कारण 25 लिटर पेट्रोलचेच वजन सुमारे 18 किलो भरते. इंजिनाची उंची पाहताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा किंचित वर असावी.

मागच्या फळीला प्लास्टिकच्या हातोडीने सर्वत्र ठोकून पाहा. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. जेथे टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येईल तेथे शंका घ्यावी. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हलका दाब दिल्यावर फळी वाकताना दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत बोट पाण्यात उतरवू नये. इंजिनाबाबत इतकेच: पाण्याच्या पंपातला इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र) नवा बसवा आणि गिअरचे तेल दुधाळ दिसते का ते पाहा, कारण दुधाळ तेल म्हणजे आत पाणी.

चाकांविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण येथे मी स्वतः चुकलो आहे. लांबचा प्रवास करून पोहोचल्याबरोबर मी ट्रेलर सरळ पाण्यात घातला. तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) अचानक थंड झाला, आतली हवा आकुंचन पावली आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले गेले. पुढे उघडून पाहिले तेव्हा ग्रीस पांढुरके झाले होते आणि बेअरिंगवर गंज चढला होता. तेव्हापासून हब हाताला कोमट लागेपर्यंत मी थांबतो, त्या वेळात दिव्यांची वायर काढून ठेवतो आणि बोटीच्या तळाचे बूच बसवले आहे का ते पाहतो. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर मी बदलतोच.

रस्त्यावर इंजिन वर उचललेले असेल, तर त्याच्या खालच्या भागापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत आधाराचा दांडा लावा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा हिसका त्या जुन्या फळीला बसतो. मागची फळी दोन पट्ट्यांनी चौकटीला बांधा, कपलरखालच्या साखळ्या एकमेकींवरून तिरप्या टाका, आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून दोन्ही हबांना हात लावून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला, तर त्या दिवशी पुढे जाऊ नका.