कॅनडाच्या सायफाय-फँटसी कथांमध्ये आशावाद सापडतो का, की सगळा अंधारच?

तुम्ही विचारलंय की कॅनेडियन सायफाय म्हटलं की लेखिका मार्गारेट ॲटवूडबाई आणि डिस्टोपियाच (भयाण, बिघडलेलं भविष्य) आठवतो, तर लघुकथांमध्ये काही आशादायक आहे का आणि सुरुवात कुठून करायची. आहे, भरपूर आहे, फक्त "शेवटी सगळं छान झालं" टाइपचं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

ॲटवूडबाईंनीच १९७२ मध्ये 'सर्व्हायव्हल' नावाचं समीक्षेचं पुस्तक लिहिलं, त्यात त्या म्हणतात की कॅनडाच्या साहित्याचा गाभा म्हणजे तगून राहणं, बर्फातून किंवा बुडत्या जहाजातून जो वाचतो त्याला विजयबिजय काही मिळत नाही, जिवंत राहिला हीच कमाई. सगळ्या साहित्याला हे सरसकट लावणं मला पटत नाही, पण तिथल्या सायफाय कथांना फिट्ट बसतं. मी जेवढ्या वाचल्यात त्यात बऱ्याच कथांमध्ये वाईट जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं आणि गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

हे सगळ्यात ठसठशीत दिसतं ते फर्स्ट नेशन्स आणि तिथल्या इतर मूळनिवासी लेखकांकडे. जोशुआ व्हाइटहेडने एडिट केलेली 'लव्ह आफ्टर द एंड' ही २०२० ची अँथॉलॉजी बघा, सगळे लेखक मूळनिवासी आणि टू-स्पिरिट (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी मूळनिवासींचा शब्द) किंवा क्वीअर. प्रस्तावनेत तो सांगतो की आधी विचार डिस्टोपियाचा होता, पण आमचा जगबुडीचा काळ आम्ही आधीच बघून बसलोय, आत्ता जगतोय तोच डिस्टोपिया, मग कथा तरी युटोपियाकडे, म्हणजे चांगल्या जगाकडे नेऊया. आणि हे नुसतं बोलायला नाही हो, सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलांना घरातून उचलून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये (सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत) घातलं, भाषा तोडली, आईबाप तोडले, शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक संपत आलं. एवढं झाल्यावर भविष्यात आपली माणसं असतील, प्रेम करत असतील, असं नुसतं लिहिणं हाच केवढा आशावाद आहे.

पण एकच पुस्तक घ्या म्हणाल तर मी ड्रू हेडन टेलरचं 'टेक अस टू युअर चीफ' सांगेन, २०१६ चा कथासंग्रह, नऊच कथा. हा ओजिबवे या मूळनिवासी समाजातला लेखक, ऑंटॅरिओतल्या कर्व्ह लेक वस्तीचा, मूळचा नाटकवाला आणि जबरदस्त टवाळ, त्यामुळे एलियन पृथ्वीवर येतात ते नेमके रिझर्व्हवर (मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) बिअर पीत बसलेल्या तिघांसमोर. यातली 'मिस्टर गिझ्मो' मात्र वेगळी आहे. एक पोरगा जीव द्यायच्या तयारीत आहे आणि त्याचा लहानपणीचा खेळण्यातला रोबो त्याच्याशी बोलायला लागतो, कारण प्रत्येक वस्तूत जीव असतो असं त्याचेच पूर्वज मानत आलेत ना, मग रोबोत का नाही? ऐकायला गोड वाटेल, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये उत्तर ऑंटॅरिओतल्या अटावापिस्काट या छोट्या वस्तीने आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे आणीबाणी जाहीर केली होती, पोरंपोरं होती त्यात. हे माहीत असेल तर कथा निव्वळ गोड राहत नाही. रोबो काही जादूने परिस्थिती बदलत नाही, तो बोलत राहतो, बस.

हे "कुणीतरी सोबत बसणं" मला ओटावाच्या अमल एल-मोहतारच्या 'सीझन्स ऑफ ग्लास अँड आयर्न'मध्येही दिसतं (ह्युगो आणि नेब्युला, सायफाय-फँटसीची दोन्ही मोठी बक्षिसं मिळाली या कथेला). एकीला शापापायी लोखंडी बूट घालून ते झिजेपर्यंत चालायचंय, दुसरी काचेच्या टेकडीवर हलायचं नाही म्हणून बसलीये. गंमत अशी की प्रत्येकीला दुसरीचा शाप सरळ सरळ अन्याय वाटतो आणि स्वतःचा मात्र "माझीच चूक असेल"! पुढचं सांगत नाही. 'अनकॅनी' मासिकाच्या साइटवर फुकट आहे, अर्ध्या तासात होईल वाचून.

आता उलट बाजू. गुळगुळीत आशावादावर या कॅनेडियन लेखकांचा विश्वास कमीच, आणि त्याचं कारण समजून घ्यायचं असेल तर विल्यम गिब्सनची 'द गर्न्सबॅक कंटिन्यूअम' (१९८१) वाचा. गिब्सन जन्माने अमेरिकन, व्हिएतनाम युद्धाच्या काळात कॅनडात गेला आणि व्हँकूव्हरचाच झाला. कथेतला फोटोग्राफर १९३० च्या दशकात लोकांनी स्वप्नात पाहिलेल्या 'भविष्यकाळा'च्या इमारतींचे फोटो काढत फिरतो आणि त्याला ते भविष्य खरोखर दिसायला लागतं, चकचकीत शहर, सुखी गोरीगोमटी जोडपी, आणि त्याला आठवतो 'हिटलर युथ' या नाझी तरुण संघटनेचा प्रचार. शेवटी त्याचं मत काय होतं, तर आपलं हे भंगार जग परवडलं, परफेक्ट असतं तर आणखी वाईट झालं असतं. वरवर निराश कथा आहे पण मला नाही तशी वाटत.

टेक्नॉलॉजीवरचाच आशावाद हवा असेल तर मूळच्या टोरोंटोच्या कोरी डॉक्टरोवची 'द मॅन हू सोल्ड द मून'. लांबलचक आहे, मध्ये रेंगाळते, पण कल्पना काय आहे बघा: चंद्रावर एक मशीन पाठवायचं, ते तिथल्या धुळीच्या एकमेकांत अडकणाऱ्या फरशा पाडत बसेल, पुढे कधीतरी येणाऱ्या माणसांसाठी. पाठवणारे स्वतः जाणार नाहीत, आणि कॅन्सर तर गोष्टीत सुरुवातीपासून आहेच.

आशावाद हीच थीम ठरवून काढलेलं पुस्तकही आहे, 'नेव्हरदलेस', टेसरॅक्ट्स या जुन्या अँथॉलॉजी मालिकेचा एकविसावा खंड, २०१८ चा. मालिका १९८५ मध्ये ज्युडिथ मेरिलने सुरू केली, तीही व्हिएतनामच्या काळात अमेरिका सोडून टोरोंटोला आलेली. माझं मत विचाराल तर थीम आधी दिली की काही लेखक जरा ठरवून आशावादी होतात, म्हणून हे पहिलं घेऊ नका. टोरोंटोत राहत असाल तर कॉलेज स्ट्रीटच्या पब्लिक लायब्ररीत मेरिलच्या नावाचं सायफाय-फँटसीचं मोठं कलेक्शन आहे, ती पुस्तकं घरी नेता येत नाहीत पण बसून वाचता येतात.

मी आधी एल-मोहतार, मग टेलर, मग गिब्सन असं वाचेन. पीटर वॉट्स पण कॅनेडियनच, 'द आयलंड' अफलातून कथा आहे, पण आशा शोधायला त्याच्याकडे जाऊ नका प्लीज.