बोरिवली ते बीकेसी रोजच्या जाण्या-येण्यासाठी थार की जिम्नी?

रोज सिग्नलला अडकायचं असेल तर जिम्नी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या. दोन्ही गाड्यांची (थार म्हणजे तीन दारांची, रॉक्स नव्हे) लांबी ३,९८५ मिमी, पण थारची रुंदी १,८२० आणि जिम्नीची १,६४५. सोसायटीच्या खांबांमध्ये दार उघडताना हा वीतभर फरक रोज जाणवतो. स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारं यांत्रिक पार्किंग) असेल तर बुकिंगआधी टेप घेऊन पॅलेटवरची, म्हणजे गाडी उभी राहते त्या फळीवरची उंची मोजा आणि वजनाची मर्यादा विचारा. बऱ्याच ठिकाणी ते सेडानच्या मापाचं असतं. जिम्नीचीही उंची १,७२० आहे.

थारच हवी असेल तरी डिझेल टाळा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी रांगत असते, त्यामुळे डीपीएफमधली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळून जाण्याइतकी उष्णता तयार होत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की १५-२० मिनिटं साठच्या आसपास सलग चालवावी लागते. संध्याकाळी सातला कुठे चालवणार?

जिम्नीत आणि थारच्या ४x४ मॉडेलमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे गरजेपुरता लावायचा; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नाही. कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावू नका: वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, गिअर ताणले जातात, टायर घासतात.

पाणी तुंबलं तर उंची कामी येते, हे खरं. पण चाकांच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेलात तर नंतर डिफरेन्शियलचं ऑइल तपासून घ्याच. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग जातील.