सात वर्षं शेडमध्ये उभा राहिलेला छोटा ट्रॅक्टर : पहिला सेल मारण्याआधी

प्रश्न : वडिलांनी घेतलेला मित्सुबिशी शक्तीचा १८.५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ७ वर्षं शेडमध्ये उभा आहे. वडील गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. द्राक्षाची फवारणी भाड्याच्या ब्लोअरवर चालते. यंदा फळछाटणीच्या आधी तो बागेत आणायचा आहे. गावातले जाणकार म्हणतात, नवी बॅटरी टाका, सेल मारा, नाहीच लागला तर मोठ्या ट्रॅक्टरनं ओढा. असं करावं का? (द्राक्ष बागायतदार, तालुका तासगाव)

उत्तर : दादा, ओढू तर अजिबात नका. बॅटरीही इतक्यात आणू नका, कारण ती हाताशी आली की सेल मारायचा मोह आवरत नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेली इंजिनं मी बरीच पाहिली. त्यातली बहुतेक उभी राहून मेली नव्हती. चालू करायच्या घाईत, पहिल्या पाच-दहा मिनिटांत मेली. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भिंतीवरचं ऑईल केव्हाच खाली उतरलेलं असतं, रिंगा गंजानं चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. अशा इंजिनाला मोठ्या ट्रॅक्टरनं ओढलं की काहीतरी तुटतंच. रिंग तुटते, पुशरॉड वाकतो, नाहीतर कनेक्टिंग रॉड. थोडक्यात होणारं काम मग पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं.

आधी ट्रॅक्टर बघा. काठीनं. बॉनेटखाली, सीटखाली, बॅटरीच्या पेटीत साप असू शकतो, आणि गांधीलमाशीचं पोळं तर हमखास. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असतं, सायलेन्सरमध्ये आणि एअर क्लीनरच्या तोंडात घरटं असतं. तुमचा ट्रॅक्टर द्राक्षबागेतला आहे, म्हणजे त्यानं वर्षानुवर्षं मोरचूद आणि गंधक अंगावर घेतलंय. हे धुतलं गेलं नसेल तर लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि वायरींची टोकं आतून खाल्ली गेलेली असतात. वायर वरून चांगली दिसते, ओढली की हातात येते. रेडिएटरच्या पंखांचीही तीच गत. म्हणून पाण्यानं हलक्या हातानं धुवा, वाळवा, मग पाना हातात घ्या. नटबोल्ट गंजलेत तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. ताकद लावून मुंडी तोडलीत तर एका बोल्टपायी दिवस जाईल.

आता ऑईल. गेजकाडी काढून बघा. पातळी खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका. ऑईल आपोआप वाढत नाही, पाणी किंवा डिझेल त्यात उतरलंय. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा, बोल्ट पूर्ण न काढता थोडा सैल करा आणि आधी काय येतं ते बघा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाणी आलं, किंवा ऑईल ताकासारखं पांढरट आलं, तर हेडचं पॅकिंग किंवा लायनरच्या खालच्या रिंगा तपासाव्या लागतील. तसं असेल तर पुढं जाऊ नका, मिस्त्रीला बोलवा. ऑईल फक्त काळं आणि घट्ट असेल तर सगळं काढून नवा फिल्टर आणि नवं ऑईल भरा. ग्रेड कंपनीच्या पुस्तकात दिलेली घ्या. पुस्तक हरवलं असेल तर विक्रेत्याकडं मॉडेल सांगून विचारा. अंदाजानं भरू नका.

डिझेलच्या बाबतीत कंजुषी करायची नाही. टाकीत राहिलेलं ७ वर्षांचं डिझेल म्हणजे तळाला पाणी, त्यावर शेवाळासारखा चिकट थर आणि टाकीच्या पत्र्याचा गंज. ते सगळं काढा, टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर नवे टाका, रबरी नळ्या नव्या लावा. काढलेलं डिझेल-ऑईल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑईल घेणाऱ्याकडं द्या. जमिनीवर ओतलेलं आपल्याच बोअरमध्ये उतरतं.

आता इंजिन हातानं फिरवायचं. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा, कारण छिद्रं मोकळी असली की आत काही साचलेलं असलं तरी दाबलं जात नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे दोन-तीन चमचे पातळ ऑईल सोडा, छिद्रांवर स्वच्छ कापड दाबा आणि दोन दिवस सोडून द्या. तोपर्यंत टॅपेट कव्हर काढून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर ऑईल टाका. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवा. पंख्याची पाती धरून फिरवू नका. अडलं तर जोर लावू नका. जरा मागं, जरा पुढं करा, अजून ऑईल सोडा, पुन्हा दोन दिवस थांबा. पंधरा दिवस लागले तरी लागू द्या. पूर्ण दोन फेरे मोकळे झाले, प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन पुन्हा वर आला, की तुमचं अर्धं काम झालं. फिरवताना तोंड छिद्रांसमोर ठेवू नका, ऑईल उसळून बाहेर येतं. काढलेली नोझल पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या, मग परत बसवा. आणि नोझल तपासताना डिझेलच्या धारेसमोर बोट धरू नका. ती धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण गावातला कोणीच तो सांगत नाही. डिझेल पंपाच्या आत एक सरकणारी दांडी असते, तिच्यावर किती डिझेल जायचं ते ठरतं. इंजिन बंद असताना गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग ती बहुधा जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पंपात जुनं डिझेल गोंदासारखं घट्ट होतं आणि दांडी तिथंच चिकटते. मग इंजिन लागलं की पूर्ण वेगानं पळत सुटतं, बंद करायची दोरी ओढून काही होत नाही, चावी फिरवूनही होत नाही. एका गावात मी असं सुटलेलं इंजिन पाहिलं आहे. आवाज वाढत गेला आणि सगळी माणसं लांब पळाली. सुदैवानं कुणाला लागलं नाही, पण इंजिनातून रॉड बाहेर आला. म्हणून चालू करण्याआधी पंपाची झाकणी काढून दांडी मोकळी सरकते का हे डिझेल पंपाच्या कारागिराकडून पाहून घ्या. बंद करायची लिव्हर ओढली की पूर्ण जाते आणि सोडली की परत येते, हे स्वतः दहा वेळा करून बघा. आणि पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवा, त्या तोंडाजवळ एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा करा. इंजिन सुटलं तर हवेचं तोंड फळीनं झाकलं की ते बसतं. हाताचा तळवा लावू नका, आणि पोतं किंवा फडकंही नको, ते आत ओढलं जातं. कारागीर माणूस नेमका या कामासाठीच ठेवा. त्याचे दिवसाचे पैसे वाचवू नका.

आता बॅटरी आणा, बारा व्होल्टची, आणि आधी जमिनीवर चार्ज करा. वायरिंग नीट झाल्याशिवाय ती बसवू नका. पुढचं सगळं शेडच्या बाहेर मोकळ्यावर करा, कारण धुराचा विषार बंद जागेत माणूस मारतो. गिअर न्यूट्रलला, पीटीओ (ब्लोअरला ताकद देणारा मागचा दांडा) सुटलेला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. आधी बंद करायची दोरी ओढून ठेवून, म्हणजे डिझेल न देता, थोडा थोडा सेल मारा. १० ते १५ सेकंद फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा फिरवा. ऑईलची बत्ती विझली किंवा काटा हलला की ऑईल वर चढलं. मग डिझेलची हवा काढा. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पंपाचा, शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट. हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) असतील तर त्यांनाच वेळ द्या. ईथरचा स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लगच्या इंजिनात मारू नका, तो भडकून इंजिन फुटल्याच्या तक्रारी माझ्याकडं आलेल्या आहेत.

चालू झालं की रेस देऊ नका. ऑईलचा काटा दहा सेकंदांत वर आला नाही तर लगेच बंद. पांढरा धूर सुरुवातीला येईल, इंजिन गरम झालं की तो गेला पाहिजे. निळा धूर काही तास राहिला तर रिंगा दाबून बसायच्या आहेत, त्यांना वेळ द्या. काळा धूर आला तर नोझल बघा. रेडिएटरमध्ये साधं विहिरीचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी क्षाराचं आहे. कूलंट मिसळलेलं शुद्ध पाणीच घाला.

आणखी दोन गोष्टी, ज्यांच्यामुळं अपघात होतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबलं तरी गिअर टाकला की ट्रॅक्टर उडी मारतो. इंजिन बंद असताना पेडल लाकडानं दाबून ठेवून रात्रभर सोडा. तरीही सुटलं नाही तर हाऊसिंग उघडणं आलं, माळावर ट्रॅक्टर पळवून झटके देणं नको. दुसरी गोष्ट ब्रेक. ओलसर शेडमध्ये ते गंजून एका बाजूला धरतात आणि बागेच्या तोंडाला ट्रॅक्टर फिरतो. दोन्ही पेडल एकत्र जोडून, सपाटीवर, माणसाच्या चालीनं तपासा. टायरला तडे गेले असतील तर हवा भरताना समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा, आणि जिथं फाटलंय तिथं ट्यूब बदलून चालणार नाही, टायरच बदला.

ब्लोअर पहिल्याच दिवशी जोडू नका. फवारणी म्हणजे पीटीओवर तासन्‌तास पूर्ण ताण. आधी रिकामा ट्रॅक्टर अर्धा तास, मग हलकं ट्रेलर किंवा वखर, दहा तासांनी ऑईल-फिल्टर पुन्हा बदला, कारण जुना गाळ त्या दहा तासांतच सुटून येतो. हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं ऑईल पांढरट दिसलं तर तेही बदला. छाटणीच्या आधी एक महिना हे सगळं संपवायचं ठरवा, म्हणजे पाहिजे तो सुटा भाग मिळायला वेळ राहील.

किती खर्च करावा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. इंजिन हातानं फिरत असेल, पाणी-ऑईल मिसळलेलं नसेल, तर दुरुस्ती करा. या जातीचे सुटे भाग आजही मिळतात आणि मांडवाखाली शिरेल असा बुटका ट्रॅक्टर नव्यानं घ्यायचा तर किंमत तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन जाम, चेंबरमध्ये पाणी आणि हायड्रॉलिकही गेलेलं, असं सगळं एकत्र आलं, तर खर्चाचा अंदाज दोन ठिकाणी घ्या आणि नव्याच्या किमतीशी तुलना करून ठरवा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचं अनुदान नवं यंत्र घ्यायला आहे, जुन्याच्या दुरुस्तीला नाही.

प्रश्न : पेट्रोलचा छोटा वीडर (तण काढायचं यंत्र) ३ वर्षं पडून आहे. दोरी ओढली की लागतो आणि लगेच बंद पडतो. (शेतकरी ताई, सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, तुमचा वीडर बहुतेक चांगला आहे, फक्त कार्ब्युरेटरचं जेट चोंदलंय. जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं होतं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात तर हवा पाण्यानं भरलेलीच. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, जेट कार्ब्युरेटर क्लीनरनं धुवून हवेनं फुंका. लोखंडी तार घालून कोरू नका, भोक मोठं होतं. नळी कडक झाली असेल तर बदला, प्लग नवा टाका, ताजं पेट्रोल भरा. पुढच्या वेळी ठेवताना पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्रश्न (तासगावच्याच बागायतदारांचा) : ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आहे, आरसीची मुदतही संपली आहे. काय करू?

उत्तर : मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओकडं फॉर्म ३१ भरायचा असतो. नियमाप्रमाणं मृत्यूची माहिती ३० दिवसांत आणि अर्ज ३ महिन्यांत द्यायला हवा होता, आता उशिराची रक्कम लागू शकते. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद न्या, बाकी कोणते लागतील ते आरटीओच्या खिडकीवर विचारा. आरसीची पहिली मुदत १५ वर्षांची, पुढं तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढते. तपासणीला दिवे, हॉर्न, ब्रेक चालू लागतात, तेव्हा वायरिंगचं काम त्याआधी उरका, आणि थर्ड पार्टी विमा घेतल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. बागेतून बागेत जाताना मधला पाच मिनिटांचा डांबरी रस्ता असला तरीही.