एका तासाचं पार्किंग आणि सहा महिन्यांची मुदत

प्रश्न: आमच्या बाजारपेठेत महापालिकेने ५ जूनपासून 'पे अँड पार्क' सुरू करून चारचाकीला एका तासाची मर्यादा घातली. माझं लग्नाच्या साड्यांचं दुकान आहे. बस्ता बांधायला तीन तास सहज लागतात. गिऱ्हाइकांना दंडाची चलनं येतात आणि ती पुन्हा फिरकत नाहीत. व्यापारी मंडळाने क्षेत्रीय कार्यालयात तीन निवेदनं दिली, उत्तर नाही. दावा लावून मर्यादा रद्द होईल का? नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर: अशी पत्रं बऱ्याच व्यापाऱ्यांकडून येतात. जवळपास प्रत्येकात निवेदनांचा हिशोब असतो, नोटिशीचा नसतो. तुमचं प्रकरणही तिथेच अडकलंय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम ४८७. या अधिनियमाखाली केलेल्या कृतीबद्दल महापालिकेवर दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस द्यायची, मग पूर्ण एक महिना थांबायचं, आणि तरीही दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करायचा. (मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमात कलम ५२७ मध्ये हेच आहे.) ५ जूनपासून मोजा, ५ डिसेंबरला मुदत संपते. नोटीस ३१ ऑक्टोबरला पोचली, तर दाव्यासाठी डिसेंबरचे पहिले चार-पाच दिवस उरतात. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा किंवा रोजचं नुकसान हे रोज नवं कारण आहे, असा युक्तिवाद वकील करतील. पण त्याच्या भरवशावर राहू नका. हाच मुद्दा निकाली निघायला कोर्टात दोन-तीन वर्षं सहज जातात.

तुमची तीन निवेदनं नोटीस ठरतील, असं मला वाटत नाही. त्यात 'योग्य तो निर्णय घ्यावा ही नम्र विनंती' आहे. दाव्याचं कारण काय, दावा कोण लावणार, त्याचा पत्ता काय, मागणी काय, यातलं काही नाही. शिवाय नोटीस महापालिकेच्या मुख्य कार्यालयात पोचवावी लागते. वकिलामार्फत नोटीस द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. चार महिने निवेदनांत घालवलेत, आता एक आठवडाही घालवू नका.

मर्यादाच बेकायदा आहे, हा मुद्दा चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ मध्ये 'ठरावीक काळासाठी' वाहन उभं करण्याची जागा निश्चित करायचा अधिकार स्पष्ट दिलाय. मात्र तो राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याला आहे आणि त्यासाठी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय लागतो. म्हणून आजच माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये. मागा: एका तासाचा मूळ आदेश, त्यावरची सही, विचारविनिमयाचा पत्रव्यवहार, ठेकेदाराशी झालेला करार. आदेशच नसेल आणि फलक ठेकेदाराने लावला असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, नोटीस त्यासाठी अडवू नका. आदेश वाहतूक पोलिसांचा निघाला, तर शासनाला पक्षकार करावं लागेल आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची वेगळी नोटीस लागेल. तातडी असल्यास ती न देता दावा लावायला कोर्टाची परवानगी मागता येते.

भरपाईची फार आशा धरू नका. दुकानात येण्या-जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, दुकानासमोर गाडी लावून ठेवण्याचा नाही. कायदेशीर आदेशाने धंदा घटला, एवढ्यावर सहसा भरपाई मिळत नाही. तरी आकडे मांडायचेच असतील, तर जीएसटी विवरणपत्रातल्या जुलै-ऑगस्टच्या विक्रीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. मे महिन्याशी केलीत, तर समोरचा वकील लग्नसराईकडे बोट दाखवून आकडे उडवून लावेल.

मिळण्याजोगी मागणी वेगळी आहे: तुमच्या पट्ट्यात दोन-तीन तासांची मुभा, किंवा मर्यादेऐवजी तासागणिक चढता दर. त्यासाठी एक कामाचा दिवस आणि एक शनिवार, सकाळी ११ ते रात्री ८, दर अर्ध्या तासाने प्रत्येक जागेवरच्या गाडीचा नंबर लिहून काढा. दुपारी तीनला निम्म्या जागा रिकाम्या दिसल्या, तर मर्यादा अनावश्यक आहे हे कागदावरच दिसेल. पण सकाळचाच नंबर रात्रीही तिथेच असेल आणि गाडी तुमच्याच मंडळातल्या दुकानदाराची किंवा नोकराची निघाली, तर हा तक्ता तुमच्यावरच उलटेल. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३५ मध्ये पहिलं पार्किंग मीटर बसलं, ते दिवसभर जागा अडवणाऱ्या अशाच गाड्या हलवून गिऱ्हाइकांना जागा मिळावी म्हणून. तेव्हा आधी आपल्या गाड्या हलवा, मग मोजणी करा.

चलनांबद्दल तुम्ही तक्रार करू शकत नाही, ती ज्याच्या त्याच्या वाहनमालकाने करायची. मर्यादा लिहिलेला फलक गाडीतून दिसत नसेल, तर बचावाला चांगला आधार आहे. ड्रायव्हरच्या सीटवरून, तारखेसह फोटो काढून गिऱ्हाइकांना द्या. त्याच्या प्रती तुमच्या नोटिशीलाही जोडता येतील. मोजणीचा तक्ता मागाहून दिला तरी चालेल, नोटीस मात्र याच आठवड्यात गेली पाहिजे.