‘तेले कोन इचारस?’

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझी केळी आणि कपाशी आहे. संध्याकाळी पारावर बातम्यांचा विषय निघतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी सही केली की हुकूम सुटला. आमचे एक आजोबा दर वेळी म्हणतात, ‘तेले कोन इचारस?’ खरंच त्यांना विचारणारं कोणी नाही का?

उत्तर : भाऊ, विचारणारे आहेत. पण ते दर वेळी उठून विचारतीलच असं नाही. आजोबांचा सवाल तिथेच बोचतो.

पैशाचंच बघा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंचांबरोबर ग्रामसेवकाचीही सही लागते. अमेरिकेतही काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. 2018 मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी 5.7 अब्ज डॉलर मागितले. ते मिळाले नाहीत. 35 दिवस सरकारी कामकाज बरंचसं ठप्प राहिलं. मग त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा निधी वळवला. काँग्रेसने आणीबाणी रद्द करण्याचा ठराव केला, त्यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, तेवढी जमली नाहीत. मला ही फट फार मोठी वाटते.

महाभियोगाचंही तसंच. आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा तो चालला, सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, एकालाही दोषी धरलं नाही.

पण एक प्रकरण मी नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं सांगत आलो. माझे वडील अमळनेरला मिलमध्ये साच्यावर होते. संपाच्या दिवसांत आई किराणावाल्याची लाल वही घेऊन जायची आणि उधारी मांडून आणायची. म्हणून असेल, हे प्रकरण मला जवळचं वाटतं.

1952 साल. कोरियात युद्ध चालू, अमेरिकेत पोलाद कामगारांचा संप तोंडावर. तोफा-रणगाड्यांना पोलाद कमी पडेल म्हणून अध्यक्ष ट्रुमन यांनी 8 एप्रिलला हुकूम काढून देशातल्या बहुतेक पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. मालक कोर्टात गेले. 2 जूनला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी हुकूम रद्द केला. त्या नऊ न्यायाधीशांपैकी चौघे खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले, आणि त्यातल्या दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं!

न्यायमूर्ती जॅक्सन यांनी त्यात जे मांडलं ते आजही वकील तोंडपाठ सांगतात. काँग्रेस पाठीशी असेल तर अध्यक्षाचं बळ सगळ्यात जास्त. ती गप्प असेल तर कामकाज अंधुक उजेडातलं. आणि तिच्या इच्छेविरुद्ध गेला तर त्याच्या हाती उरतं ते सगळ्यात कमी. गिरण्या अशा ताब्यात घेण्याचा अधिकार द्यायला काँग्रेसने 1947 मध्येच नकार दिला होता. म्हणजे ट्रुमन तिसऱ्या पायरीवर उभे होते.

निकाल त्यांना अजिबात पटला नव्हता. युद्ध चालूच होतं, सैन्य त्यांच्याच हुकमात होतं. तरी त्यांनी त्याच दिवशी गिरण्या परत केल्या. लगेच कामगार संपावर गेले आणि तो संप 53 दिवस चालला.

आजोबांना सांगा, त्या वेळी विचारायला गिरणीमालक गेले होते, आणि अध्यक्षांना उत्तर द्यावं लागलं होतं.