तुरीच्या काड्या कुजत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की, खताच्या ड्रममध्ये मेथीचे देठ, केळ्याची सालं महिन्याभरात मातीसारखी होतात, पण तुरीच्या काड्या सहा महिन्यांनीही तशाच का निघतात. शिवाय चिरलेलं वांगं झाडातल्या ज्या ‘फिनॉल’ नावाच्या द्रव्यांमुळे काळं पडतं, त्यांचा याच्याशी काही संबंध आहे का. आहे, आणि अगदी सख्खा आहे. मी इंदूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हा माझा सर्वांत आवडता धडा.

भेंडी घेताना आपण तिचं टोक मोडून बघतो. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. जून झाली म्हणजे तिच्या धाग्यांच्या पेशीभित्तिकांत लिग्निन, म्हणजे त्यांना कडक करणारं द्रव्य, भरलं. प्रात्यक्षिकाला आम्ही जून देठाचा पातळ काप घेतो आणि त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतो. थोड्याच वेळात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची कडी लालबुंद होतात, आजूबाजूचा मऊ गर मात्र तसाच राहतो. मुलं मायक्रोस्कोपवरून डोळा काढत नाहीत.

या नळ्यांतून पाणी वर ओढलं जातं. शहाळ्यातली स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होते ना, तशी ही नळीही आतल्या आत मिटली असती. लिग्निन तिला ताठ ठेवतं. लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण २० ते ३० टक्के लिग्निनच असतं.

आता वांग्याकडे येऊ. फेनिलॲलानिन नावाच्या अमिनो आम्लातून झाड लिग्निन आणि वांग्याला काळं करणारं फिनॉल या दोन्ही गोष्टी बनवतं. एका फाट्याला लिग्निन. दुसऱ्या फाट्यांना जांभळाचा रंग, हळदीतलं कर्क्युमिन आणि वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्ल. हे आम्ल पेशीत एका कप्प्यात असतं आणि त्याला काळं करणारं विकर दुसऱ्या. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघं हवेत एकत्र येतात आणि फोड काळवंडते. आमच्या इंदूरच्या सराफा बाजारात तळून मिळणारा गराडू नावाचा कंद कच्चा चिरला की त्याचंही तेच होतं. आपल्याला हा डाग वाटतो, पण पान कुरतडणाऱ्या अळीसाठी ती शिक्षा असते. त्यातून तयार होणारी क्विनोनं प्रथिनांना चिकटतात आणि तिला खाल्लेलं पचत नाही. कच्चं केळं तोंडात तुरट लागतं तेही असंच, टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं. पण फिनॉलच्या कुळातली ही संयुगं फक्त भांडायलाच असतात असं नाही. माळव्यातल्या सोयाबीनची मुळं याच कुळातली संयुगं मातीत सोडून नत्र देणाऱ्या जिवाणूंना बोलावून घेतात.

मग काड्या का टिकतात? पेशीभित्तिकेतलं दुसरं द्रव्य सेल्युलोज म्हणजे एकसारख्या कड्यांची लांब साखळी, एकदा टोक सापडलं की जिवाणू ती कडी कडी करून संपवतात. लिग्निनला ठरलेला क्रमच नाही, जोडही वेगवेगळ्या प्रकारचे, त्यामुळे विकराला पकडच मिळत नाही. ते नीट फोडतात त्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशा, आणि त्यांना त्यासाठी ऑक्सिजन लागतो. ड्रमच्या तळाशी ओला, कोंदट थर असला तर काडीला कोणी हातही लावत नाही.

या अडचणीवर आमच्या गावातच तोड निघाली होती. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती संस्थेत होते. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या ते शेताच्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, मगच खताच्या ढिगात घालत. यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी १९३१ मध्ये ही पद्धत पुस्तकातही मांडली.

तुमच्याकडे बैलगाडी नसेल, पण वरवंटा असेल. काड्या बोटभर लांबीच्या तोडा, ठेचा, रात्रभर शेणकाल्यात भिजवा आणि मग ओल्या कचऱ्यात मिसळा. ड्रमला बाजूने भोकं पाडा, दर आठ दिवसांनी ढवळा. काड्यांवर पांढरे धागे दिसले तर खराब झालं म्हणून टाकू नका, ती बहुतेक कामाला लागलेली बुरशी असते. आणि खत चाळल्यावर ज्या काड्या वर उरतील, त्या पुढच्या ड्रममध्ये घाला, म्हणजे बुरशीही त्यांच्यासोबत जाईल.