अ‍ॅब्लेशन झालं, तरी छातीत फडफड होतेच

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे मिस्टर ६२ वर्षांचे आहेत, बीपी आहे. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो आजार) दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅब्लेशन झालं. आधी जिना चढताना दम लागायचा तो आता लागत नाही, पण अधूनमधून छातीत फडफड होते आणि मग दिवसभर स्मार्टवॉच बघत बसतात, रात्री उठूनही ठोके मोजतात. फिरायला जाणं बंद, इंदूरला मुलीकडे जायचं तर तेही नको म्हणतात. ऑपरेशन फेल गेलं का? आणि रक्त पातळ करायची गोळी आता बंद केली तर चालेल का?

उत्तर : ताई, फेल गेलं असं एवढ्यात धरून चालू नका. अ‍ॅब्लेशनमध्ये फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चटके देऊन चुकीचे सिग्नल अडवतात, ती जागा सुजते, भरून यायला दोन-तीन महिने जातात, तोवर फडफड होऊ शकते. ती टिकून राहिली तर चालू असतानाच ईसीजी काढून घ्या, घड्याळाच्या आकड्यापेक्षा ती पट्टी डॉक्टरांना जास्त उपयोगी. मात्र चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, किंवा या काळात ताप आणि गिळताना दुखणं असं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा, तेव्हा थांबायचं नाही.

तुम्ही जिन्याचं लिहिलंत ना, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. २,२०० पेशंटवर झालेल्या कबाना ट्रायलचे निकाल २०१९ मध्ये आले, त्यात मृत्यू, स्ट्रोक वगैरे एकत्र धरले तर अ‍ॅब्लेशन आणि औषधं यांत ठोस फरक निघाला नाही, पण वर्षभरानंतर रोजचं जगणं अ‍ॅब्लेशनवाल्यांचं जास्त सुधारलं होतं. म्हणजे हे केलं ते मुख्यतः नीट जगता यावं म्हणूनच, आणि हे घरात बसून राहिले तर कसं चालेल? घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, डॉक्टरांना विचारून सकाळचं फिरणं सुरू करा, आधी थोडं, मग वाढवत न्या. भीती तरीही जात नसेल तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका, या आजारात असं खूप जणांचं होतं. वजन जास्त असेल तर ते उतरवाच, घोरत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या, दारू असेल तर सोडलेलीच बरी, या तिन्हीमुळे त्रास परत उलटतो.

गोळी मात्र मनाने बंद करू नका, प्लीज. या आजारात स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट असतो, आणि ती किती दिवस घ्यायची हे ठोके कसे आहेत यावर नाही तर वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का यावर ठरतं. ती गोळी वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी) वेळेवर करून घ्या आणि मेथी-पालक बंद नको, दर आठवड्याला साधारण सारखीच खाऊ दे.

इंदूरचं पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा, हो म्हणाले की तिकीट काढून टाका, गोळ्या आणि डिस्चार्ज कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीत दर तासाभराने उठून थोडं चालायला सांगा.